सारखे गुण, वेगळ्या वाटा

बारावीचा निकाल लागला की मराठवाड्यात एक वाक्य हमखास कानावर येते : ‘ज्याच्यात कुवत असते, तो शिकतोच.’ पण सारखेच गुण मिळालेल्या दोघांपैकी एक विद्यापीठात जातो आणि दुसरा जात नाही, याचा उलगडा कुवतीने होत नाही. घरच्या परिस्थितीचा एक परिणाम गुणांवर होतो आणि दुसरा, गुण सारखे असतानाही, पुढच्या निर्णयावर होतो, हा भेद फ्रेंच समाजशास्त्रज्ञ रेमों बूदों यांनी १९७४ मध्ये मांडला.

हा दुसरा परिणाम घडतो कसा, हे समाजशास्त्रज्ञ रिचर्ड ब्रीन आणि जॉन गोल्डथॉर्प यांच्या १९९७ च्या सिद्धान्तातून कळते. आहोत त्या पायरीवरून खाली घसरू नये, ही प्रत्येक कुटुंबाची पहिली धडपड असते, असे ते गृहीत धरतात. बीड जिल्ह्यातील एखाद्या शिक्षकाच्या मुलीने बारावीनंतर शिक्षण सोडले, तर ती घसरणच ठरते. तिच्या वर्गातला मुलगा मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघणाऱ्या ऊसतोड जोडप्याचा असेल, तर आयटीआयचे प्रमाणपत्रही त्याला आईवडिलांच्या वर नेते; उलट पदवी अर्धवट सुटली, तर तेवढ्या वर्षांची मजुरी बुडते आणि हाती काहीच राहत नाही. म्हणून पुढे शिकायचे तर यशाची शक्यता निदान किती हवी, याचा उंबरठा दोन्ही घरांत वेगळा असतो. समजा, तिच्या घरी ०.४ पुरते आणि त्याच्या घरी ०.७ लागते. ही शक्यता मुले काही अंशी गुणपत्रिकेवरून आणि बरीचशी शिक्षक, नातेवाईक व गाव यांच्या अपेक्षेवरून ठरवतात. ‘तुला जमेल’ असे कोणी म्हटलेच नाही, तर खरी शक्यता ०.८ असताना मुलगा ती ०.६ धरतो आणि बेरीज-वजाबाकी बिनचूक करूनही थांबतो. (बोटांच्या ठशांवरून करिअर सांगणाऱ्या चाचण्यांना शास्त्रीय आधार नाही, त्यांचा अहवाल म्हणजे पैसे मोजून विकत घेतलेली आणखी एक परकी अपेक्षा.)

राज्याने २०२४-२५ पासून पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी दिलेली शुल्कमाफी खर्च कमी करते, यशाच्या या अंदाजाला मात्र ती हात लावत नाही. तो अंदाज ज्या अपेक्षांवर उभा असतो, त्या बदलू शकतात, हे पश्चिम बंगालमधील ४९५ गावांच्या अभ्यासातून २०१२ मध्ये दिसले. जेथे गावचे प्रमुखपद दोन निवडणुकांत महिलांसाठी राखीव राहिले, तेथे मुलगा-मुलगी यांच्याविषयीच्या पालकांच्या आकांक्षांमधील तफावत २० टक्क्यांनी, तर मुलामुलींच्या स्वतःच्या आकांक्षांमधील तफावत ३२ टक्क्यांनी घटली आणि शिक्षणातील तफावत पुसली गेली. मुलींचा घरकामात जाणारा वेळही त्या गावांत कमी झाला होता.