पिवळा दगड दिसला की ‘सँडस्टोन’ म्हणू नका

फोर्टात हेरिटेज वॉकला गेलात की हमखास ऐकू येतं, “ही सगळी पिवळी इमारत सँडस्टोनची,” म्हणजे वालुकाश्माची. गेटवेपुढे उभं राहूनही तेच! गेटवे मालाडजवळच्या खारोडीच्या पिवळ्या बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकाचा आहे. सँडस्टोन मुंबईत अजिबात नाही असं नाही, जीपीओत, म्हणजे मुख्य टपाल कचेरीत, ध्रांगध्राचा पांढरा सँडस्टोन आहेच, पण तो काठेवाडातून आलेला पाहुणा.

मालाडचा दगड मुंबईकराला ओळखीचा. डेव्हिड ससून लायब्ररी (1870) त्याचीच. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तो कुर्ल्याच्या करड्या बेसॉल्टशेजारी बसलाय. मालाडचा हा दगड ट्रॅकाइट, म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखीचा खडक, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा. कठीण, टाकीला दाद न देणारा. त्याबद्दल एवढं पुरे.

घोळ होतो तो पोरबंदरच्या दगडाशी. रंग तसाच, फार तर थोडा सायीकडे झुकणारा, म्हणून लोक दोन्ही एकाच पोत्यात भरतात. पण पोरबंदरचा दगड चुनखडीचा आहे, समुद्री शिंपल्यांच्या बारीक कणांचा. मऊ असल्यानं पाथरवटाला त्यात पानं, फुलं, माकडं, चेहरे सहज काढता येत. म्हणून व्हिक्टोरियन इमारतींत बऱ्याचदा भिंत स्थानिक दगडाची आणि नक्षी पोरबंदरची. विद्यापीठाच्या इमारतींकडे मान वर करून बघा.

तोच मऊपणा पुढे नडतो. धुरानं आंबटलेलं पावसाचं पाणी चुनखडी विरघळवतं. जिथे पाऊस थेट लागतो तिथे पानाच्या कडा साबणाच्या वडीसारख्या झिजतात. आडोशाला मात्र काजळी धरलेली जिप्समची काळी पापडी चढते. ती पापडी सुटली की तिच्यासोबत नक्षीही गळते. मालाडच्या दगडावर याच हवेत टाकीचे घाव अजून वाचता येतात.

खात्री करायची तर खाली पडलेल्या कपच्यावर लिंबू पिळा. पोरबंदरचा फसफसतो, मालाडचा ढिम्म. इमारतीवर मात्र हा प्रयोग कृपा करून नको.

आणि ठेकेदार नेमका तोच प्रयोग बादलीनं करतात! ‘दगड उजळतो’ म्हणून ॲसिडवॉश. मालाडची भिंत एखादे वेळी तग धरेल, पण वरचं पोरबंदरचं फूल ॲसिड खाऊन टाकतं. वर सिमेंटचं लिंपण केलं तर ओल आणि क्षार आतच कोंडतात, आणि सिमेंट टिकून शेजारचा दगड भुगा होतो. दगडांमधले सांधे चुन्यानं भरायला वेळ लागतो, हे खरं. तरी मी चुनाच मागेन. साफसफाईच्या निविदेत नुसतं ‘पिवळा दगड’ लिहिलेलं दिसलं, तर सहीआधी भिंत आणि नक्षी वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या.