वंशावळी कशासाठी लिहिल्या गेल्या? हिब्रू शास्त्रातल्या नामावळींची पार्श्वभूमी

१९१० साली हार्वर्ड विद्यापीठाच्या उत्खननात प्राचीन इस्राएल राज्याची राजधानी असलेल्या शोमरोन शहराच्या राजवाड्याजवळ शाईने लिहिलेल्या खापऱ्या सापडल्या. इ.स.पू. आठव्या शतकातल्या या नोंदी अगदी कोरड्या आहेत: अमुक भागातून, अमुक गावाहून, जुन्या द्राक्षारसाचा एक बुधला आला किंवा तेलाचा एक बुधला आला. पण भागांची जी नावं तिथे आहेत, त्यांतली सात नावं हिब्रू शास्त्रातल्या, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथातल्या, यहोशवाच्या पुस्तकाचा सतरावा अध्याय वाचलेल्या कुणालाही ओळखू येतील. अबियेजेर, हेलेक, अस्रियेल, शखेम, शमीदा, होग्ला आणि नोआ. शास्त्रात पहिले पाच मनश्शेच्या, म्हणजे इस्राएलच्या एका वंशाच्या मूळपुरुषाच्या, घराण्यातले पुत्र आहेत. शेवटच्या दोघी त्याच घराण्यातल्या सलाफहादाच्या मुली.

आजच्या वाचकाला कंटाळवाणी वाटणारी ती लांबलचक यादी मुळात काय होती, हे या खापऱ्यांवरून कळतं. ‘मनश्शेचा पुत्र हेलेक’ हे वाक्य एका माणसाचा बाप सांगतं, तसंच एका शिवाराची मालकीही सांगतं. घराण्याचं नाव आणि जमिनीचं नाव एकच होतं. आपल्याकडे वारसनोंद करायला गेलं की तलाठी आधी वंशावळ मागतो, तेच नातं इथे आहे.

सलाफहादाची कथा गणनेच्या पुस्तकात दोनदा येते. त्याला मुलगा नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव कुळातून का पुसलं जावं? आम्हाला वतन द्या. मोशेने तो प्रश्न देवापुढे नेला आणि निकाल मुलींच्या बाजूने लागला. पुढे शेवटच्या अध्यायात भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा अट पडली की त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावं, म्हणजे जमीन दुसऱ्या वंशाकडे जाणार नाही. ही अट मला खटकते, पण त्या काळच्या जमीनव्यवस्थेत तिचा अर्थ स्पष्ट आहे. अहाब राजाने द्राक्षमळा मागितला तेव्हा नाबोथ इज्रेलकराने जिवावर उदार होऊन नकार दिला, तोही वाडवडिलांचं वतन विकायचं नाही म्हणूनच. लेवीयाच्या पुस्तकात पन्नासाव्या, योबेलच्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत करायला सांगितलं आहे. मूळ घराणं कोणतं, हे कुठेतरी नोंदलेलं असल्याशिवाय तो कायदा चालणार तरी कसा?

उत्पत्तीतल्या याद्यांचं काम वेगळं आहे. पाचव्या अध्यायात आदामापासून नोहापर्यंत दहा पिढ्या, अकराव्यात शेमापासून अब्रामापर्यंत पुन्हा दहा. जलप्रलयापूर्वीच्या दीर्घायुषी पुरुषांची यादी ही कल्पना इस्राएलची एकट्याची नव्हती. ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात सुमेरी राजांची यादी कोरलेला मातीचा चौकोनी ठोकळा आहे. त्यात प्रलयापूर्वी पाच नगरांत आठ राजांनी मिळून २,४१,२०० वर्षं राज्य केल्याचं लिहिलं आहे. पहिल्याच राजाच्या, एरिदूच्या अलुलिमच्या, वाट्याला २८,८०० वर्षं. त्या यादीत राजपद स्वर्गातून उतरतं आणि नावं फक्त राजांचीच असतात. उत्पत्तीत आदाम, शेथ, अनोश, केनान यांपैकी कुणीच राजा नाही. ते जगतात, त्यांना मुलं होतात आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच वाक्य येतं: मग तो मरण पावला. ९६९ वर्षं जगलेल्या मथुशलहाचीही यातून सुटका नाही. एकटा हनोख ३६५ वर्षांनी देवाबरोबर चालत निघून जातो, बाकी सगळे मरतात. शेजारच्या संस्कृतीतला साचा घेऊन त्यातून सिंहासन काढून टाकणं, ही मला या अध्यायाची सर्वांत धीट गोष्ट वाटते.

मधल्या दहाव्या अध्यायात तर अख्खं जगच एका कुटुंबात बसवलं आहे. शेम, हाम, याफेथ आणि त्यांच्यापासून झालेली राष्ट्रं. यहुदी परंपरेच्या मोजणीने सत्तर. मिसर आहे, बाबेल म्हणजे बॅबिलोन आहे, अश्शूर आहे. म्हणजे ज्यांनी इस्राएलला गुलाम केलं, लुटलं, हद्दपार केलं ते सगळे चुलत घराण्यांत. इस्राएल मात्र या यादीत नाहीच. तो जन्माला यायला अजून बराच अवकाश आहे. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या रब्बींच्या नियमसंग्रहात, सान्हेद्रिन या भागात, माणूस एकटाच का निर्माण केला याचं एक कारण दिलं आहे: कुणी दुसऱ्याला ‘माझा बाप तुझ्या बापापेक्षा मोठा’ असं म्हणू नये. वंशावळ हे मिरवण्याचं साधन होऊ शकतं, हे त्या रब्बींना चांगलंच ठाऊक होतं.

या याद्यांतली वर्षं मिळवून जगाचं वय काढण्याचा उद्योग पुढे फार झाला. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली निर्मितीचं वर्ष इ.स.पू. ४००४ असं ठरवलं. पण मूळ पाठांचंच एकमत नाही. आदामापासून प्रलयापर्यंतची वर्षं हिब्रू पाठानुसार १६५६ भरतात, शोमरोनी (समॅरिटन) समाजाच्या पाठानुसार १३०७ आणि ग्रीक भाषांतरानुसार २२४२. शिवाय पिढ्या गाळण्याची पद्धत उघड होती. एज्राच्या सातव्या अध्यायात एज्राची वंशावळ याजकांचा मूळपुरुष अहरोन याच्यापर्यंत नेली आहे. ती ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाशी ताडून पाहिली तर मधली सलग सहा नावं गळलेली दिसतात. लिहिणाऱ्याला एज्रा याजककुळातला आहे एवढंच सिद्ध करायचं होतं. त्याला वर्षांचा हिशोब द्यायचा नव्हता.

नावं गळतात तशी ती सरकतातही. संदेष्टा शमुवेल याचा बाप एल्काना ‘पहिला शमुवेल’ या पुस्तकात एफ्राइमी म्हणून येतो, इतिहासात तोच लेवी वंशातल्या कहाथाच्या शाखेत बसलेला दिसतो. शमुवेल पवित्रस्थानात सेवा करत होता. नंतरच्या काळात ती सेवा फक्त लेव्यांची ठरली, तेव्हा त्याची जागा तिथे झाली, असं बरेच अभ्यासक मानतात. विसाव्या शतकात नायजेरियातल्या तीव लोकांबाबत असंच आढळलं. इंग्रज अंमलदारांनी न्यायालयातल्या दाव्यांसाठी त्यांच्या वंशावळी लिहून ठेवल्या. काही दशकांनी तीव लोक म्हणू लागले की या लिखित वंशावळी चुकीच्या आहेत. तोंडी परंपरेत वंशावळ चालू नात्यांप्रमाणे बदलत राहिली होती आणि कागद मात्र जागच्या जागी थांबला होता. यावरून हिब्रू याद्या खोट्या ठरवणं मला पटत नाही. कोण कुणाचा आणि कुणाला कशाचा हक्क, हे त्या सांगतात आणि त्यांची सत्यता तिथे तपासायला हवी.

या सगळ्याला खरी धार आली ती हद्दपारीनंतर. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम आणि मंदिर जाळलं. देश गेला, राजा गेला. राजा यखन्याला त्याआधीच कैद करून नेलं होतं. त्याला आणि त्याच्या पाच पुत्रांना दरबारातून तेलाचा शिधा मिळत असल्याची नोंद बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर आहे. इतिहासाच्या तिसऱ्या अध्यायात याच यखन्याच्या मुलांची नावं आहेत आणि पुढच्या पिढ्याही, सिंहासन नसताना. राज्य उरलं नाही तरी दावीदाचं घराणं कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या लिहीत होतं, ही गोष्ट मनात रुतून बसते.

पारसाच्या, म्हणजे इराणच्या, राजा कोरेशने इ.स.पू. ५३८ मध्ये परतण्याची मोकळीक दिली. परतलेल्यांची यादी एज्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे, एकूण ४२,३६०. त्यात तेल-मेलह, तेल-हर्षा अशा ठिकाणांहून आलेले ६५२ लोक आहेत. आपलं घराणं इस्राएलातलं आहे हे त्यांना दाखवता आलं नाही. हबया, हक्कोस आणि बर्जिल्लय या तीन याजक घराण्यांनी आपली नावं वंशपटात शोधली, पण ती सापडली नाहीत. त्यांना याजकपदावरून दूर केलं गेलं. उरीम व थुम्मीम, म्हणजे देवाचा कौल घेण्याची साधनं, धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत त्यांनी परमपवित्र अन्न खाऊ नये, असा हुकूम सुटला. बर्जिल्लय घराण्याच्या मूळपुरुषाने गिलादी बर्जिल्लयाची मुलगी केली होती आणि सासरचं नाव लावलं होतं. त्यांच्या अडचणीचं मूळ बहुधा तिथेच. हक्कोस घराण्याचं पुढे बरं झालं असावं, कारण तटबंदी बांधणाऱ्यांत हक्कोसचा नातू मरेमोथ आहे आणि एज्राच्या आठव्या अध्यायात उरीया याजकाचा पुत्र मरेमोथ मंदिरातलं सोनंरुपं तोलून घेताना दिसतो.

पहिल्या इतिहासाचे नऊ अध्याय याच काळाच्या गरजेतून आले. आरंभाला काही प्रस्तावना नाही: आदाम, शेथ, अनोश, आणि यादी सुरू. यहूदाला सुमारे शंभर वचनं, लेवीला ऐंशीच्या वर, बन्यामीनलाही मोठी जागा. नफताली एका वचनात आटोपतो. दान आणि जबुलून यांच्या स्वतंत्र याद्याच नाहीत. परतलेल्या समाजात कोण उरलं होतं, ते या मापांवरूनच दिसतं.

याच काळात एज्रा परक्या बायकांशी झालेली लग्नं मोडायला लावत होता आणि नहेम्या अशी लग्नं न करण्याची शपथ घ्यायला लावत होता. ‘अनुवाद’ या नियमशास्त्राच्या पुस्तकात शेजारच्या मवाब्यांना दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घेऊ नये असा नियम आहे. आणि त्याच शास्त्रात रूथचं पुस्तक पेरेसपासून दावीदापर्यंतची दहा पिढ्यांची वंशावळ देऊन संपतं. पेरेस हा तामारेने सासऱ्यापासून मिळवलेला मुलगा आणि दावीदाचा आजोबा ओबेद हा मवाबी रूथचा. यादीत नावं पुरुषांचीच आहेत, पण ती वाचणाऱ्याला त्या दोघी आठवल्याशिवाय राहत नाहीत. संकलन करणाऱ्यांनी दोन्ही ग्रंथ ठेवले. एकाला गप्प करण्यासाठी दुसरा काढला नाही. याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

पुढे दुसऱ्या मंदिराच्या काळात ही नोंद संस्थेचंच काम झाली. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस स्वतः याजककुळातला. याजकांच्या लग्नाआधी वधूची वंशावळ दफ्तरातून काढून तपासत आणि युद्धानंतर वाचलेले याजक जुन्या कागदांवरून नवे तयार करत, असं तो लिहितो. मिश्ना सांगते की कोरीव दगडांच्या दालनात सभा बसे. ज्याच्या कुळात दोष निघे तो काळी वस्त्रं घालून निघून जाई आणि निर्दोष ठरलेला पांढरी वस्त्रं घालून सेवेला लागे. त्याच मिश्नात, होरायोथमध्ये, असंही आहे की निषिद्ध संबंधातून जन्मलेला विद्वान हा अज्ञानी महायाजकापेक्षा मान्यतेत वर. इ.स. ७० मध्ये मंदिर पडलं, त्याबरोबर वंशपट तपासण्याचं ते कामही संपलं.

तरी प्रश्न संपला नाही आणि तो थेट रायगडच्या किनाऱ्यापर्यंत आला. बेने इस्राएल मंडळींच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ग्रंथ समुद्रात गेले. त्यांच्याजवळ वंशपट नव्हते. शब्बाथ होता, सुंता होती, शेमा ही प्रार्थना होती आणि पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी गावांवरून पडलेली आडनावं होती. हीच माणसं इस्राएलात स्थायिक झाल्यावर १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बी कार्यालयाने विवाह नोंदणाऱ्यांना सूचना दिली की बेने इस्राएल अर्जदारांच्या आई, आजी अशा मागच्या पिढ्यांची शक्य तितकी चौकशी करावी. मराठी बोलणाऱ्या या लोकांनी यरुशलेममध्ये निदर्शनं केली, धरणं धरलं. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्व बाबतींत यहुदी असल्याचं जाहीर केलं आणि त्याच महिन्यात सूचनेतून त्यांचं नाव वगळण्यात आलं.