सेकंडहँड घेताना: सीडी प्लेयर की सीडी ट्रान्सपोर्ट?

वापरलेली, पण मूळची महागडी ऑडिओ यंत्रं शोधायला लागलं की दोन यंत्रं हमखास शेजारीशेजारी दिसतात. दोन्हींना सीडीचा ट्रे, तसाच डिस्प्ले आणि तोच जाडजूड अॅल्युमिनियमचा दर्शनी भाग. एकाचं नाव प्लेयर, दुसऱ्याचं ट्रान्सपोर्ट. समोरून काढलेल्या फोटोत हा फरक कळत नाही, म्हणून विकणाऱ्याकडून आधी मागच्या बाजूचा फोटो मागवा.

प्लेयरच्या मागे लाल-पांढऱ्या आरसीए सॉकेटची जोडी असते. आत डॅक (डिजिटल-टू-अॅनालॉग कन्व्हर्टर) असल्यामुळे डिस्कवरच्या आकड्यांचं अॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर तिथेच होतं आणि साधारण 2 व्होल्टचा सिग्नल थेट अॅम्प्लिफायरला देता येतो. ट्रान्सपोर्ट फक्त डिस्क वाचतो. त्याच्या मागे डिजिटल आउटपुट तेवढं असतं: कोअॅक्सियल, ऑप्टिकल, वरच्या श्रेणीत एईएस/ईबीयूचं तीन पिनांचं सॉकेटही. यातलं कोअॅक्सियल सॉकेट आरसीएसारखंच दिसतं आणि घोटाळा तिथेच होतो. त्यातून आकडे बाहेर पडतात. ते अॅम्प्लिफायरच्या साध्या इनपुटला जोडलं तर गाणं वाजत नाही. ट्रान्सपोर्टला वेगळा डॅक लागतोच, आणि डॅक घरात नसेल तर स्वस्त वाटणारा ट्रान्सपोर्ट शेवटी महाग पडतो.

एकच यंत्र दोन डब्यांत विभागायचं कारण सरळ आहे. मोटर, लेझर आणि सर्वो (वेग आणि फोकस सांभाळणारी नियंत्रण यंत्रणा) यांची विद्युत गडबड नाजूक अॅनालॉग भागापासून लांब ठेवायची. 1980च्या दशकातच वरच्या श्रेणीत ही पद्धत आली आणि ‘दोन डबे म्हणजे आवाज सरस’ हा समज तेव्हापासून टिकून आहे. मला तो अर्धाच पटतो. प्लेयरमध्ये मुख्य क्लॉक, म्हणजे वेळेचे ठोके देणारा भाग, डॅकच्या शेजारी बसवता येतं आणि डिस्कचा वेग त्याच्या तालावर चालवता येतो. दोन डब्यांत मात्र डेटा आणि क्लॉक दोन्ही एकाच तारेतून जातात आणि डॅकला त्या प्रवाहातून वेळ पुन्हा शोधून काढावी लागते. त्यात जी बारीक डळमळ येते तिला जिटर म्हणतात. आजचे चांगले डॅक ती बरीचशी निस्तरतात. म्हणूनच केवळ आवाजासाठी जुन्या ट्रान्सपोर्टवर मोठी रक्कम घालणं मला पटत नाही.

सेकंडहँड खरेदीत मला महत्त्वाचा वाटतो तो झिजेचा प्रश्न. सीडी आतल्या कडेला मिनिटाला सुमारे 500 फेरे घेते, बाहेर जाताना वेग सुमारे 200 वर येतो. 1.6 मायक्रॉन अंतरावरच्या रेषांवर लेन्स सतत वर-खाली आणि आजूबाजूला सरकून फोकस धरून ठेवते. वर्षानुवर्षं हे चाललं की लेझर मंदावतो, मोटरच्या बेअरिंग ढिल्या होतात, प्लास्टिकचे गिअर तडकतात, ट्रेचा रबरी बेल्ट सैल पडतो. हा भाग दोन्ही यंत्रांत सारखाच असतो. डॅक आणि अॅनालॉग भाग त्या मानाने दीर्घायुषी. तिथे बहुधा कपॅसिटर वाळतात आणि ते कोणताही चांगला तंत्रज्ञ बदलून देतो.

म्हणून ब्रँड विचारायच्या आधी आत कोणतं मेकॅनिझम, म्हणजे डिस्क फिरवणारा आणि वाचणारा भाग, आहे ते विचारा. अनेक नामांकित कंपन्या फिलिप्सचं किंवा सोनीचं मेकॅनिझम विकत घेऊन बसवत. फिलिप्सचं सीडी-प्रो 2 कितीतरी महागड्या यंत्रांत आहे आणि त्याचं उत्पादन थांबलेलं आहे. टीएकचं व्हीआरडीएस, ज्यात अख्खी डिस्क वरून एका चकतीने दाबून धरली जाते, ते भक्कम खरं. पण त्याचाही लेझर कधीतरी संपतोच. सुटा लेझर मिळतो का, आणि मिळतो तो अस्सल की नक्कल, हे पैसे देण्याआधी शोधायला हवं.

दोघांतला व्यवहारातला फरक इथे दिसतो. ट्रान्सपोर्टचा लेझर गेला आणि सुटा भाग मिळाला नाही, तर तेवढंच यंत्र बाद होतं. डॅक तुमच्याकडे राहतो. प्लेयरचा गेला तर ज्यासाठी पैसे मोजले तो उत्तम डॅकही त्याच पेटीत अडकतो. अपवाद डिजिटल इनपुट असलेल्या प्लेयरचा: तो पुढे नुसता डॅक म्हणून चालतो. डॅक आधीपासून असेल तर ट्रान्सपोर्ट घ्यावा. नसेल तर डिजिटल इनपुटवाला प्लेयर. माझी निवड हीच असेल.

दोन गोष्टी सहसा कुणी सांगत नाही. 1980च्या दशकातल्या काही सीडींवर प्री-एम्फसिस असतो, म्हणजे वरचे स्वर मुद्दाम वाढवून ठेवलेले असतात. जुना प्लेयर ते आपोआप खाली आणतो. ट्रान्सपोर्टला जोडलेला नवा डॅक डिस्कवरची ती खूण वाचेलच असं नाही. मग तीच सीडी कर्कश वाजते आणि दोष उगाच ट्रान्सपोर्टवर जातो. दुसरी गोष्ट 1999 साली आलेल्या एसएसीडीची, म्हणजे सुपर ऑडिओ सीडीची. तिचा डीएसडी थर, म्हणजे अधिक बारकाव्याचं ध्वनिमुद्रण असलेला थर, साध्या कोअॅक्सियल किंवा ऑप्टिकल तारेतून बाहेर सोडला जात नाही. एसएसीडी ट्रान्सपोर्ट बहुधा त्याच कंपनीच्या डॅकशी खास जोडणीनेच पूर्ण काम करतो, त्यामुळे अशी जोडी फुटलेली असेल तर मी हात लावणार नाही.

तपासताना 70 मिनिटांच्या पुढची सीडी न्या आणि शेवटचं गाणं लावा. थकलेलं मेकॅनिझम बाहेरच्या कडेलाच अडखळतं. यंत्र गरम झाल्यावर, तासाभराने, तेच पुन्हा करा. घरी लिहिलेली सीडी-आर वाचायला किती वेळ लागतो ते पाहा. आवाज पूर्ण बंद करून कान जवळ न्या, खरखर किंवा टकटक ऐकू येते का बघा. मागच्या पट्टीवरचा व्होल्टेज वाचा, कारण जपानच्या बाजारासाठी बनलेली यंत्रं 100 व्होल्टवर चालतात. आणि रिमोट मागून घ्या. काही यंत्रांत फेज किंवा फिल्टर बदलण्याची सोय फक्त त्याच्यावरच असते.