लाख कोटींतला एक: दुर्मीळ अणू मोजणाऱ्या यंत्राची पार्श्वभूमी

एक मिलिग्रॅम कार्बन म्हणजे नखाच्या टोकावर मावेल एवढी काजळी. आजच्या झाडापासून मिळालेल्या एवढ्या कार्बनमध्ये कार्बन-१४चे, म्हणजे हळूहळू फुटत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बनचे, सुमारे ६ कोटी अणू असतात. पण दिवसभरात त्यांतले जेमतेम २० फुटतात. विलार्ड लिबींना १९६०चं नोबेल मिळवून देणारी, जुन्या वस्तूंचं वय सांगणारी पद्धत हे फुटणारे अणू मोजायची. साहजिकच नमुना ग्रॅमांनी लागायचा आणि मोजणीला दिवस जायचे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६०च्या दशकात हेच चाले. चांदोली, इनामगाव इथल्या उत्खननांच्या अहवालांत ‘टीएफ’ने सुरू होणारे जे नमुना क्रमांक दिसतात, ते या प्रयोगशाळेचे. याच संस्थेतले शास्त्रज्ञ देवेंद्र लाल १९७२ मध्ये अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले, आणि त्यानंतर हे कामही तिकडे गेलं.

याच मुंबईच्या संस्थेत बर्नार्ड पीटर्स यांनी १९५५ मध्ये बेरिलियम-१०चा विषय काढला होता. विश्वकिरणांमुळे वातावरणात तयार होणारं हे समस्थानिक समुद्रतळाच्या गाळात सापडल्याचं लाल आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलं. अमेरिकेत जेम्स अर्नोल्ड स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले होते. बेरिलियम-१०चा अर्धायुकाल (निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) सुमारे १४ लाख वर्षं. म्हणजे फुटण्याची वाट बघणं कार्बनहूनही कंटाळवाणं. आपल्याकडे प्रश्न आधी आला आणि यंत्र कितीतरी उशिरा, असं मला तरी दिसतं.

वाट न बघता अणूच का मोजू नयेत? अडचण तोतयांची होती. नायट्रोजन-१४चं वजन कार्बन-१४ इतकंच, आणि हवेत नायट्रोजनच नायट्रोजन. १९७७ मध्ये बर्कलीच्या रिचर्ड म्युलर यांनी सायक्लोट्रॉनचा, म्हणजे कणांना गोल फिरवत वेग देणाऱ्या यंत्राचा मार्ग सुचवला. त्याच वर्षी रॉचेस्टर आणि मॅकमास्टर इथल्या गटांनी टँडम त्वरकावर (आयनांना दोन टप्प्यांत वेग देणाऱ्या यंत्रावर) तो पेच सोडवून दाखवला. युक्ती साधी निघाली: नायट्रोजनचा ऋण आयन (जादा इलेक्ट्रॉन घेतलेला अणू) टिकतच नाही, त्यामुळे सुरुवात ऋण आयनांनी केली की तो दारातच गळतो. उरतात कार्बन आणि हायड्रोजनचे त्याच वजनाचे रेणू. त्वरकाच्या मधोमध पातळ वायूतून किंवा पत्र्यातून जाताना इलेक्ट्रॉन ओरबाडले गेले की तेही मोडतात. १९८८ मध्ये ट्युरिनच्या कफनाचे (येशूचं मानल्या जाणाऱ्या कापडाचे) तुकडे ॲरिझोना, ऑक्सफर्ड आणि झुरिकला याच पद्धतीने, म्हणजे ॲक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमेट्रीने (एएमएस) तपासले गेले.

भारतात सुरुवात अणुभौतिकीच्या मोठ्या यंत्रांवर झाली. मुंबईतल्या कुलाब्याचा ‘१४ युडी पेलेट्रॉन’ हा टँडम त्वरक १९८८च्या ३० डिसेंबरला चालू झाला. पुढे त्यावर क्लोरीन-३६चे प्रयोग झाले. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रातल्या तशाच १५ युडी पेलेट्रॉनवर बेरिलियम-१० मोजलं गेलं. इथला तोतया बोरॉन-१०. त्याला वायूच्या कोठीतून जाऊ दिलं की तो बेरिलियमच्या आधी थांबतो. पण इतर प्रयोगांच्या पाळ्यांत घुसून मिळालेल्या वेळात नियमित कालमापन होत नाही. म्हणून २०१५च्या सुमारास तिथे फक्त ५०० किलोव्होल्टचं स्वतंत्र एएमएस यंत्र आलं.

अर्थात यंत्र आलं म्हणजे काम झालं, असं नव्हे. कोळसा आम्ल-अल्कलीने धुवायचा, जाळून कार्बन डायऑक्साइड करायचा, लोखंडाच्या भुकटीवर त्याचं ग्रॅफाइट करायचं आणि ते ॲल्युमिनियमच्या इवल्याशा भोकात दाबून भरायचं. मग चाकात शेजारी-शेजारी बसतात अज्ञात नमुने, प्रमाण म्हणून ठरलेलं ऑक्झॅलिक आम्ल, आणि ‘मृत’ कार्बन: इतका जुना, की त्यात कार्बन-१४ उरलेलाच नाही. यंत्र चालू करणाऱ्यांची नजर आधी या शेवटच्या नमुन्यावर असते. त्यातून कार्बन-१४ मोजला जाऊ लागला, तर तो कुठल्या तरी नळीतून, बाटलीतून, हवेतून आलेला असतो. तो शोधून काढेपर्यंत कुणाच्याही कोळशाचं वय सांगता येत नाही.

मुंबईहून जिथे काम गेलं, त्या अहमदाबादच्या प्रयोगशाळेतही आता १० लाख व्होल्टचं एएमएस आहे. त्याचं नाव ‘ऑरिस’.