सिरियम नायट्रेट

सिरियम या विरल मृत्तिका मूलद्रव्याचे नायट्रिक अम्लापासून होणारे लवण. बाजारात मिळते ते त्रिसंयुजी (संयुजा तीन असलेल्या) सिरियमचे, स्फटिकजलाचे सहा रेणू असलेले, रेणुभार ४३४.२. स्फटिक रंगहीन किंवा पांढरे, हवेतील ओल शोषून चिघळणारे. पाणी, अल्कोहॉल व ॲसिटोन यांत सहज विरघळतात. स्वतः पेट घेत नाही, पण पेटलेल्याला ऑक्सिजन पुरवते. तापविल्यास आधी पाणी जाते, मग नायट्रोजनाची ऑक्साइडे निघून जातात आणि फिकट पिवळे सिरियम डायऑक्साइड उरते. ते विरल (पाणी घालून सौम्य केलेल्या) अम्लात जवळजवळ विरघळत नाही.

सिरियमच्या शोधाचा मान कोणाचा, यावर मतभेद आहेत. १८०३ च्या सुमारास जर्मनीत क्लाप्रोट यांनी, तर स्वीडनमध्ये बर्झीलियस व हिसिंगर यांनी बास्टनेस खाणीतील एकाच खनिजातून ही ‘मृत्तिका’ (म्हणजे ऑक्साइड) स्वतंत्रपणे वेगळी केली. बहुतेक ग्रंथ श्रेय वाटून देतात. मूलद्रव्याला आज रूढ असलेले नाव मात्र स्वीडिश जोडीचे. खरे तर दोन्ही बाजूंच्या हाती मिश्रणच होते. १८३९ मध्ये मोसांडर यांनी सिरियम नायट्रेट तापवून उरलेली पूड विरल नायट्रिक अम्लात घातली, तेव्हा काही भाग विरघळला. तो लँथॅनमचा होता. पुढे त्यातूनच त्यांनी ‘डिडिमियम’ हे तेव्हा मूलद्रव्य मानलेले द्रव्य वेगळे केले. १८८५ मध्ये आउअर फोन वेल्सबाख यांनी दुहेरी अमोनियम नायट्रेटांच्या वारंवार स्फटिकीकरणाने त्याचेही प्रासिओडिमियम व निओडिमियम असे दोन भाग पाडले.

मराठवाड्यात हे लवण घरोघरी पोहोचले ते गॅसबत्तीच्या मेंटलमधून (ज्योतीवर तापून उजेड देणाऱ्या जाळीतून), अर्थात नावानिशी नव्हे. वेल्सबाख यांच्या १८९१ च्या कृतीनुसार सुती किंवा रॅमी या वनस्पतीच्या धाग्याची जाळी थोरियम व सिरियम यांच्या नायट्रेटांत भिजवून वाळवीत. पहिल्यांदा पेटविताच धागा जळून ऑक्साइडांचा ठिसूळ सांगाडा उरतो. म्हणूनच बत्ती हलवताना मेंटल झडते. त्यात सुमारे ९९ टक्के थोरियम डायऑक्साइड व केवळ १ टक्का सिरियम डायऑक्साइड असते. सिरियम अजिबात नसेल तर उजेड मंद पडतो, फार वाढवले तरी तो घटतो. मेंटलमधील किरणोत्सर्ग थोरियमचा. सिरियमला त्याचा दोष देऊ नये. वीज येण्यापूर्वी, आणि नंतर भारनियमनाच्या काळातही, वरात, भजन व गोंधळ याच उजेडात होत.

कच्चा माल मात्र मराठवाड्यातील नव्हे. येथील खडक प्रामुख्याने दक्खनचा बेसाल्ट. भारतातील सिरियम मुख्यतः केरळ, तमिळनाडू व ओडिशाच्या किनारी वाळूतील मोनॅझाइट या खनिजापासून मिळते.

विस्तृत भाजलेल्या जखमांवर सिरियम नायट्रेट सिल्व्हर सल्फाडायझिन या जंतुनाशक औषधाबरोबर मलमातून वापरतात. क्वचित रक्तात मेथिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारे हिमोग्लोबिन) वाढण्याचा धोका संभवतो. उत्प्रेरकांसाठी लागणारे सिरियम ऑक्साइड यापासून करतात. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत अल्कोहॉल ओळखताना लाल रंग देणारे नारिंगी सेरिक अमोनियम नायट्रेट हे मात्र चतुःसंयुजी सिरियमचे, वेगळे लवण होय.