किशोरी मनःस्वास्थ्य, नागपूर

शाळकरी मुलींचे भावनिक व मानसिक त्रास आणि त्यांमागील घरगुती-सामाजिक कारणे यांची नागपूर शहरापुरती नोंद. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हे वय किशोरावस्था मानते.

संज्ञा : मराठीत या वयाला कुमारावस्था, पौगंडावस्था व किशोरावस्था असे तीन शब्द चालतात. भागवताच्या टीकापरंपरेतील विभागणीत पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड आणि पंधराव्यापर्यंत कैशोर येते. त्या हिशेबाने मानसशास्त्राच्या मराठी लेखनात रुळलेला ‘पौगंडावस्था’ हा शब्द मूळ अर्थाहून एक पायरी पुढे सरकला आहे. शासकीय योजनांतील ‘किशोरी’ हा शब्द अधिक नेमका वाटतो.

लक्षणे : उदासी, परीक्षेची धास्ती व झोप उडणे ही लक्षणे सर्वपरिचित आहेत. दातखिळीबद्दल मात्र गैरसमज पुष्कळ. प्रार्थनेच्या रांगेत मुलगी कोसळते, हातपाय ताठ होतात, दात घट्ट बसतात. कोणी कांदा फोडून हुंगवतो, कोणी चप्पल. घरी ‘बाहेरचं’ म्हणून नजर उतरवली जाते. अपस्माराच्या (मिरगीच्या) झटक्यात डोळे बहुधा उघडे असतात, जीभ कडेला चावली जाते व झटका सहसा दोनतीन मिनिटांत ओसरतो. मानसिक ताणातून येणाऱ्या झटक्यात डोळे बहुधा मिटलेले असतात आणि तो लांबतो. एकट्या लक्षणावरून निदान होत नाही, आणि हे सोंगही नव्हे. ताणातून येणाऱ्या या झटक्यांना पूर्वी ‘हिस्टेरिया’ म्हणत. त्याचे मूळ गर्भाशयवाचक ग्रीक शब्दात आहे. त्याच्या ‘योषापस्मार’ या संस्कृत नावातही योषा म्हणजे स्त्रीच. अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाने १९८० मध्ये हिस्टेरिया हे स्वतंत्र निदान वगळले. मुलग्यांनाही हा त्रास होतो.

सामाजिक घटक : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ मध्ये या वयाला वादळी काळ ठरवले. हे वादळ उपजत नसून बरेचसे भोवतालचे असते, हे नंतरचे मत अधिक ग्राह्य दिसते. पाळी आली की ‘कावळा शिवला’ म्हणून देवघर बंद. दहावी-बारावीला शाळेच्या जोडीला ट्यूशन. भावाच्या हाती मोबाइल, तिचा मात्र तपासला जातो. संध्याकाळी ट्यूशनहून परतताना कोणी सायकलमागे लागला, तरी मुलगी घरी सांगत नाही, कारण सांगितले तर आधी ट्यूशनच सुटेल. लग्नाची घाई शहरात कमी असावी. राज्यात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते (२०१९-२१).

आकडेवारी : राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. त्यातील १२ राज्यांत शेजारचे मध्य प्रदेश व छत्तीसगढ होते, महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे हा आकडा नागपूरला लावणे अनुमानाचेच.

उपचार : शहरातील प्रादेशिक मनोरुग्णालय ब्रिटिश काळातील आहे. लगतच्या चौकाला लोक आजही ‘पागलखाना चौक’ म्हणतात. त्या पत्त्यावर जायला नको म्हणून आई मुलीला ‘डोकं दुखते’ सांगून मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत नेते. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा आहे.