रंग वेगळा, टोन वेगळा: चित्र बघताना मेंदू नक्की काय बघतो

चित्रासमोर उभं राहिलं की तोंडातून पहिलं वाक्य निघतं ते "काय रंग आहेत!" आणि गंमत अशी की खूपदा ज्याने आपल्याला तिथे धरून ठेवलेलं असतं तो रंग नसतोच, तो असतो टोन, म्हणजे कुठली जागा किती उजळ आणि कुठली किती गडद. या दोन गोष्टींची गल्लत अगदी सर्रास होते. पिवळा "उजळ", निळा "गडद", लाल "भडक" असं आपण एका दमात बोलून जातो आणि त्यातलं रंगाबद्दल किती बोललो नि उजळपणाबद्दल किती, हे आपलं आपल्यालाही सांगता येत नाही. पण मेंदू मात्र ही गल्लत करत नाही, त्याच्याकडे दोन्हींची बरीचशी वेगळी सोय आहे, आणि चांगल्या चित्रकारांनी शेकडो वर्षं नेमका याचाच उपयोग करून घेतलाय.

सोपी ओळख अशी. चित्राचा कृष्णधवल फोटो काढला की जे मागे उरतं तो टोन आणि जे निघून जातं तो रंग. जुना कृष्णधवल सिनेमा आठवा, त्यात कोण जवळ आहे, कोण लांब आहे, उजेड खिडकीतून येतोय की दिव्याचा आहे, चेहरा रडवेला आहे की रागावलेला, सगळं कळतं, कुठेच अडत नाही. आता उलटं करून बघा, म्हणजे असं चित्र जिथे रंग वेगवेगळे आहेत पण टोन सगळीकडे सारखाच आहे, तर ते बघताना डोळ्यांना त्रास होतो, कडा थरथरतात, कुठली गोष्ट पुढे नि कुठली मागे ते ठरत नाही. म्हणजे आकार, खोली, जागा हे सगळं काम मुख्यतः टोन करतो. रंगाचं काम वेगळं आहे, कमी महत्त्वाचं नाही पण वेगळं.

हे असं का, तर सुरुवात डोळ्यातच होते. रेटिनावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, दोन तऱ्हेच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात, दंड पेशी साधारण 12 कोटी आणि शंकू पेशी साधारण 60 लाख. दंड पेशी अंधुक उजेडात कामाला येतात आणि त्यांना रंग कळत नाही. शंकू पेशी तीन प्रकारच्या, एक प्रकार लांब तरंगलांबीला (ढोबळमानाने लालकडच्या प्रकाशाला) जास्त दाद देतो, एक मधल्या (हिरव्याकडच्या) आणि एक आखूड तरंगलांबीला (निळ्याकडच्या). यातली एकटी कुठलीच पेशी रंग "बघत" नाही, ती फक्त मला इतका प्रकाश लागला एवढंच सांगते. मग लांब आणि मधल्या तरंगलांबीवाल्या पेशींनी दिलेल्या संदेशांची बेरीज केली की टोन मिळतो आणि त्याच संदेशांची वजाबाकी केली की लाल-हिरव्याचा फरक मिळतो. त्याच पेशी, तोच प्रकाश, हिशेब दोन! मला ही गोष्ट पहिल्यांदा नीट समजली तेव्हा फार भारी वाटलं होतं, कारण रंग आणि टोन सगळीकडे एकत्र नांदत असूनही वेगळे कसे याचं उत्तर इथेच आहे. आखूड तरंगलांबीवाल्या पेशींचा त्या बेरजेत फारसा वाटा नसतो, म्हणून शुद्ध निळा आपल्याला मुळातच गडद दिसतो. स्क्रीनवरच्या पांढऱ्यात उजळपणाचा साधारण 72 टक्के वाटा हिरव्याचा, 21 टक्के लालचा आणि निळ्याचा जेमतेम 7 टक्के असतो.

पुढे मेंदूत गेल्यावरही वाटा फुटतात. एक वाट वस्तू कुठे आहे, हलतेय का, किती लांब आहे हे बघते आणि ती बहुतांशी टोनवर चालते, रंगाकडे तिचं फारसं लक्ष नसतं. दुसरी वाट वस्तू काय आहे, कुणाचा चेहरा आहे, कुठला रंग आहे हे बघते. या दोघींमध्ये भिंत नाही, येणंजाणं पुष्कळ आहे, पण मेंदूला इजा झालेल्या माणसांकडे बघितलं की हे वेगळेपण अगदी स्पष्ट होतं. ऑलिव्हर सॅक्स या न्यूरॉलॉजिस्टने एका चित्रकाराची केस लिहिली आहे, मोटार अपघातानंतर या माणसाची रंगदृष्टी पूर्ण गेली, जन्मभर रंगांशी खेळलेल्या माणसाला सगळं जग राखाडी दिसायला लागलं, जेवण इतकं किळसवाणं दिसायचं की तो डोळे मिटून खायचा. पण आकार दिसत होते, अंतर कळत होतं, हालचाल दिसत होती, आणि पुढे त्याने कृष्णधवल चित्रं काढायला सुरुवात केली. याच्या बरोबर उलटी केस 1983 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी मांडली, त्या बाईंना रंग आणि वस्तू ठीक दिसायच्या पण हालचाल दिसायची नाही, कपात ओतला जाणारा चहा गोठल्यासारखा वाटायचा आणि रस्ता ओलांडणं अवघड व्हायचं कारण लांबची गाडी एकदम जवळ आलेली असायची. एकाचं एक गेलं, दुसरीचं दुसरं.

आता चित्रांकडे येऊ, कारण खरी मजा इथे आहे.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं 1872 मधलं ल हाव्र बंदराचं 'इम्प्रेशन, सनराईज' हे चित्र घ्या, ज्याच्या नावावरून इम्प्रेशनिझम हा चित्रशैलीचा शब्द आला. राखाडी-निळं धुकं, काळसर होड्या आणि मध्ये एक लहानसा नारिंगी सूर्य. सगळे म्हणतात तो सूर्य पेटल्यासारखा झगमगतो. हार्वर्डच्या मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी दाखवून दिलं की त्या सूर्याचा टोन आजूबाजूच्या धुक्याच्या टोनशी जवळपास सारखाच आहे! कृष्णधवल केलं की सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे रंग बघणाऱ्या यंत्रणेला सूर्य ठळक दिसतो आणि जागा बघणाऱ्या यंत्रणेला तो सापडतच नाही, मग तो नक्की कुठे आहे हे पक्कं होत नाही आणि आपल्याला तो थरथरतोय, धडधडतोय असं वाटतं. खऱ्या आकाशात सूर्य ढगांपेक्षा कितीतरी पट उजळ असतो, मोनेने तो तसा रंगवला असता तर नुसता पांढरट ठिपका झाला असता. त्याने टोन हातातून सोडून दिला आणि फक्त रंगावर सूर्य उभा केला, इतकं धाडसी काम मला दुसरं चटकन आठवत नाही. मोंद्रियान या डच चित्रकाराच्या 1942-43 मधल्या न्यूयॉर्कवरच्या चित्रात पिवळ्या पट्ट्या फिक्या पार्श्वभूमीवर नाचल्यासारख्या वाटतात त्यातही हेच तत्त्व आहे.

मातीस या फ्रेंच चित्रकाराने बरोबर उलटं केलं. 1905 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने टोपी घातलेल्या बाईचं पोर्ट्रेट लावलं, चेहऱ्यावर हिरवा, पिवळा, गुलाबी, निळा असे कुठलेही पट्टे, आणि लोक खवळले. पण एक गोष्ट नीट बघा, चेहरा मोडत नाही. नाक नाकाच्या जागी पुढे येतं, गाल वळतो, हनुवटीखाली सावली पडते, कारण रंग कुठलाही असला तरी त्या त्या जागेचा टोन त्याने बऱ्यापैकी बरोबर ठेवलाय. कृष्णधवल केलं तर अगदी समजेल असा चेहरा दिसतो. सावली हिरवी असली तरी मेंदूच्या जागा बघणाऱ्या भागाला चालतं, फक्त ती पुरेशी गडद हवी. नवशिके मात्र नेमके इथेच फसतात, रंग हुबेहूब मिळवायला तासन्‌तास घालवतात आणि टोन चुकला की सफरचंद चपटं दिसतं, मग वाटतं अजून लाल हवा होता. लाल नाही, गडद हवा होता.

टोनच्या बाबतीत चित्रकाराची एक मोठी अडचण असते ती बाहेरून बघणाऱ्याला लक्षात येत नाही. उन्हातल्या दृश्यात सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद जागेत हजारो पटींचा फरक असू शकतो, पण पांढरा रंग काळ्यापेक्षा जेमतेम 20-30 पट जास्त प्रकाश परत पाठवतो, त्यापुढे रंगाची ट्यूब जाऊच शकत नाही. मग जुन्या डच चित्रकार रेम्ब्रांने दिवा कसा रंगवला? दिवा उजळ करून नाही, बाकी सगळं खाली ओढून. अख्खा कॅनव्हास तपकिरी अंधारात ठेवायचा आणि कपाळावर एकच उजळ फटकारा. हे चालतं कारण मेंदू प्रकाश मोजत नाही, शेजाऱ्यांशी तुलना करतो. भर उन्हात धरलेल्या पुस्तकातलं काळं अक्षर हे रात्री खोलीत वाचताना दिसणाऱ्या पांढऱ्या कागदापेक्षा जास्त प्रकाश डोळ्यात पाठवत असतं, तरी ते आपल्याला काळंच दिसतं. एडवर्ड एडेल्सन यांनी 1995 मध्ये केलेला बुद्धिबळाच्या पटाचा आणि सावलीचा दृष्टिभ्रम बऱ्याच जणांनी पाहिला असेल, त्यात दोन चौकोन तंतोतंत एकाच करड्याचे असतात पण सावलीतला पांढरा आणि उजेडातला काळा वाटतो, सांगितल्यावरही वाटत राहतो.

रंगही असाच शेजारावर अवलंबून. शेव्रल नावाचे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते, तिथे तक्रार आली की काळा धागा फिका पडतो, त्यांनी तपासलं तर काळ्या रंगात काहीच खोट नव्हती, शेजारी निळे-जांभळे धागे विणले की काळा मरगळलेला दिसायचा. 1839 मध्ये त्यांनी यावर ग्रंथ लिहिला आणि पुढच्या कितीतरी चित्रकारांना त्याचा उपयोग झाला.

आणखी एक फरक, तो फार कमी लोकांना माहीत असतो. टोन आपल्याला बारीक दिसतो, रंग मात्र जाडाभरडा दिसतो. म्हणून तर बारीक रेषांच्या स्केचवर वॉटरकलर रेषेबाहेर सांडला तरी खटकत नाही, मेंदू रंग ढकलून रेषेच्या आत बसवून घेतो. आपल्या मोबाईलमधले फोटोही याच कमतरतेवर जगतात, जेपेगमध्ये (फोटो साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) बहुतेक वेळा उजळपणाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात आणि रंगाची मात्र चार पिक्सेलमागे एकदाच, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

मोनालिसाच्या हसण्याची गोष्ट पण टोनचीच आहे, लिव्हिंगस्टन यांनीच 2000 साली ती मांडली. ते हसू ओठांच्या रेषेपेक्षा गालांवरच्या पसरट, विरघळलेल्या छायेत जास्त आहे. नजरेच्या मध्यभागी बारीक तपशील दिसतो आणि कडेला पसरट टोन, त्यामुळे तिच्या डोळ्यांकडे बघताना ती हसते आणि थेट ओठांकडे बघितलं की हसू मावळतं.

स्वतः करून बघायचं असेल तर चित्रकारांची जुनी सवय आहे, डोळे बारीक करून बघायचं, तपशील पुसला जातो आणि टोनचे मोठे तुकडे उरतात. फोनवर कृष्णधवल करूनही कळतं, फक्त फिल्टर साधा निवडा, काही फिल्टर मुद्दाम लाल उजळ करतात किंवा निळा काळा पाडतात आणि मग दिसतो तो आपल्या डोळ्याचा टोन नसतो. जुन्या फिल्ममध्येही हा घोळ होता, तिला लाल दिसायचाच नाही म्हणून लाल ओठ काळे यायचे.

आणि संध्याकाळी बाहेर बघा. भर दिवसा लाल फूल हिरव्या पानांपेक्षा उठून दिसतं, अंधार पडायला लागला की तेच फूल काळं पडतं आणि पानं त्याच्यापेक्षा उजळ वाटायला लागतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी 1825 मध्ये हे लिहून ठेवलं. कारण त्या वेळी सूत्रं शंकू पेशींकडून दंड पेशींकडे जात असतात आणि दंड पेशींना लाल प्रकाश जवळपास लागतच नाही. म्हणजे मंद उजेडात टांगलेल्या चित्राचं टोनचं गणितच बदलतं, चित्रकाराने बसवलेलं राहत नाही.

माणसागणिकही ते थोडं बदलतं. ज्यांना लालसाठीच्या शंकू पेशी नसतात त्यांना लाल नुसता वेगळा नाही तर गडद दिसतो, त्यामुळे मोनेचा तो सूर्य त्यांच्यासाठी धुक्याइतका उजळ राहत नसणार, धुक्याहून काळपट होत असणार. खुद्द मोनेला उतारवयात मोतीबिंदू झाला, पिवळट पडलेलं भिंग निळा प्रकाश अडवतं, त्या काळातली त्याची चित्रं लालसर-तपकिरी आणि गढूळ होत गेली. 1923 मध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मग त्याला सगळंच फार निळं दिसायला लागलं. ल हाव्रचा सूर्य मात्र त्याने तिशीत, चांगल्या डोळ्यांनी रंगवलेला आहे. तो बघायचा असेल तर पॅरिसच्या मार्मोताँ संग्रहालयातलं मूळ चित्रच गाठावं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण छपाईत किंवा स्क्रीनवर नारिंगी जरासा जरी उजळ झाला तरी तो धुक्यापासून सुटा होतो, आणि मग थरथरत नाही.